हळदीच्या रंगाचं हेल्मेट

मल्हार मोटर्सच्या गाडीवर माणसाचं नाव लिहायचं नाही, हा महानंदाक्काचा कायदा होता. नाकावर खंडोबाचा घोडा, दोन्ही कुशींवर 'मल्हार', आणि सगळी गाडी भंडाऱ्याच्या रंगाची. बस्स. दुसऱ्यांच्या शर्यतीच्या गाड्या बघाव्यात तर लग्नपत्रिकेसारख्या, आत्या-मावशांसकट सगळ्यांची नावं. ड्रायव्हरचं मोठं, मेकॅनिकचं बारीक, मालकाचं सोनेरी. अक्का नाक मुरडायची. "गाडी घराची आहे. घराच्या भिंतीवर काय ज्यानं त्यानं आपलं नाव रंगवायचं असतं?"

घर म्हणजे बनशंकरीतलं. खाली वर्कशॉप, वर राहणं. तिचा नवरा आप्पाजी मंगसुळीहून बेंगळुरूला आला तो सरकारी कारखान्यात लेथ चालवायला. निवृत्त झाल्यावर त्यानं खाली गॅरेज घातलं, आणि लोकांच्या मोटारी नीट करता करता त्याला शर्यतीच्या गाडीचं वेड लागलं. माणसं म्हातारपणी तीर्थाला जातात, हा टायर घेऊन चेन्नईला जायचा. तो गेला तेव्हा वेड मागे ठेवून गेला. ते मुलाच्या, दयानंदच्या, हातात उतरलं, आणि टीमचा मान अक्काच्या डोक्यावर बसला. तिची शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी कन्नड, अर्धी मराठी. सही करायची तर प्रत्येक अक्षराला दम घ्यावा लागायचा. पण वरच्या मजल्यावर भाकरी थापता थापता खालच्या इंजिनाचा आवाज ऐकून ती ओरडायची, "दया, स्वल्प घसा बसलाय रे त्याचा!" आणि दयानंद झाकण उघडून बघायचा तर खरंच बसलेला असायचा.

शर्यतीत इंजिनं सगळ्या टीमांना सारखी मिळायची. ती बसवायची कशी, गाडी किती खाली ठेवायची, कुठल्या चाकाला किती वाकवायचं, ही ज्याची त्याची विद्या. या विद्येत दयानंदचा हात धरणारा माणूस बेंगळुरूत नव्हता, हे अक्काला माहीत होतं. पण तिनं ते कधी त्याच्या तोंडावर म्हटलं नाही. पोरं तोंडावर वाखाणली की बिघडतात, असा तिचा हिशेब.

दयानंदनं एकदा, एकदाच, तोंड उघडलं होतं. "आई, इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला माझं नाव लिहू? बारीक. कुणाला दिसणार नाही असं."

"दिसणारच नाही तर लिहायचं कशाला?"

"मला दिसेल की."

"तुला तुझं नाव ठाऊक आहे. जा, हात धू, जेवायला वाढलंय."

चाळिशीचा बाप्या, एका पोरीचा बाप. मुकाट्यानं हात धुऊन जेवायला बसला. विषय तिथं मिटला असं अक्काला वाटलं.

रोशन आला तोही दयानंदमुळेच. मूळचा भालकीचा, बेंगळुरूत विमानतळाची कॅब चालवायचा. दयानंद एकदा त्याच्या कॅबमध्ये बसला. देवनहळ्ळीच्या विमानतळापासून बनशंकरीपर्यंत, त्या मरणाच्या गर्दीत, ह्यानं ब्रेक मारला असा एकदाही पाठीला कळला नाही. दयानंदनं भाडं दिलं आणि म्हणाला, "चला, वर जेवायला." अक्कानं त्याला खाताना बघितलं. उजव्या हातानं जेवत होता आणि डाव्या हाताचं बोट मांडीवर गिअर टाकल्यासारखं हलत होतं. ती म्हणाली, "याला ठेवून घे."

पहिल्या शर्यतीआधी तिनं त्याला हळदीच्या रंगाचं कोरं हेल्मेट दिलं. गाडीवर भंडारा उधळला, हेल्मेटवर उधळला, त्याच्या कपाळाला लावला. म्हणाली, "यावर नाव टाकायचं नाही." रोशननं पाया पडून सांगितलं, "नाही टाकणार, अक्का." आणि शब्द पाळला. सहा वर्षं त्या हेल्मेटवर एक अक्षर उमटलं नाही.

उमटायची गरजच पडली नाही. उघड्या गाडीत ड्रायव्हरचं काय दिसतं? हेल्मेट. पहिल्याच वर्षी रोशन दोन शर्यती जिंकला आणि गावभरच्या कॅबवाल्यांना, ऑटोवाल्यांना आपला माणूस सापडला. आपल्यासारखाच एक, रात्रंदिवस शिव्या खाणारा, आज मोठमोठ्यांच्या पोरांना मागे टाकतोय! कुणीतरी स्टिकर काढला. नाव नाही, चेहरा नाही, नुसतं एक पिवळं हेल्मेट. वर्षभरात तो बेंगळुरूतल्या दर दुसऱ्या रिक्षाच्या पाठीवर जाऊन बसला.

सिल्क बोर्डच्या चौकातल्या गर्दीत अडकली की अक्का खिडकीतून ते स्टिकर मोजायची. "एकोणीस. वीस. बघ गौरी, गल्लीबोळात मल्हार पोचलाय."

गौरी म्हणजे दयानंदची पोरगी, टीमचं मोबाइलवरचं सगळं तीच बघायची. "आजी, ते रोशनदादाचं हेल्मेट आहे."

"रंग कुणाचा?"

"आपला."

"मग? दुसऱ्याच्या रंगानं कुणी मोठं होतं का?"

आजीशी वाद घालायचा म्हणजे आधी पोटभर खाऊन यावं लागतं, असं गौरी मैत्रिणींना सांगायची. एकदा टीव्हीवाली एक मुलगी वर्कशॉपमध्ये आली, माइक पुढे धरून म्हणाली, "तुम्ही रोशनच्या टीमच्या मालकीण ना?" अक्कानं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "टीम रोशनची नाही बाई. रोशन टीमचा. घोडा आमचा आहे, त्यावर आज हा बसलाय, उद्या दुसरा बसेल." दयानंद मागे पाना पुसत उभा होता. मुलीनं त्याला विचारलं, "अण्णा, जरा बाजूला व्हाल का? गाडी दिसत नाहीये." तो बाजूला झाला.

गेल्या वर्षी रोशन सोडून गेला. देवनहळ्ळीच्या आजूबाजूला शेतांचे प्लॉट पाडून ज्यानं पैसा केला, त्या उमाकांतशेठनं नवी टीम काढली होती, शिखर नावाची, निळ्या रंगाची. रोशन सांगायला आला तेव्हा पायरीवरच उभा राहिला, आत येईना.

"अक्का, बहिणीचं लग्न आहे, घर बांधायचंय. ते तिप्पट देतायत."

"मी विचारलं का?" अक्का म्हणाली. "विचारलं नाही तर सांगू नये. चहा घे."

तो आत आला, चहा प्याला. उठताना त्यानं पिशवीतून हेल्मेट काढून तिच्यासमोर ठेवलं. गौरीचा जीव भांड्यात पडला. करारातच होतं तसं. हेल्मेटचा रंग टीमचा, ड्रायव्हर गेला की हेल्मेट परत करायचं. गौरीनं तो कागद आजीला दोनदा वाचून दाखवला होता. पण अक्कानं हेल्मेट उचललं, कोनाड्यातला भंडारा मुठीत घेतला, रोशनच्या कपाळाला लावला, हेल्मेटवर टाकला आणि ते त्याच्या हातात परत दिलं.

"आजी!" गौरी म्हणाली.

"काय आजी? लावलेला भंडारा पुसून घेऊ का त्याच्या टाळूवरचा? आमच्या घरातून कुणी रिकाम्या कपाळानं जात नाही." मग रोशनला, "ने. ऊन लागतं तिकडे."

तो वाकला, पाया पडला, गेला. दयानंद तेवढंच बोलला, "रंग तरी ठेवून घ्यायचा होतास."

"डबा उघडला की रंगच रंग आहे," अक्का म्हणाली. "लोक मल्हारला ओळखतात. हा गेला म्हणून काय गाव आपल्याला विसरेल?"

रोशनच्या जागी सोनम आली. पुण्याची पोरगी, आठवडाभर महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरची नोकरी करायची आणि शनिवार-रविवार गाडी मारायची. मराठी तिचं निम्मं इंग्रजी. "आजी, रिअर थोडं लूज वाटतंय," असं म्हणायची, आणि अक्का दयानंदला विचारायची, "काय ढिलं आहे म्हणते ही?" पण पोरीचं काळीज दगडाचं होतं. वळणावर ब्रेक सगळ्यात उशिरा तीच लावायची. दयानंदनं त्या वर्षी जी गाडी बांधली, तशी आप्पाजीच्या हातूनही झाली नसती.

मग शर्यती भरवणाऱ्या लीगवाल्यांनी नवा नियम काढला. टीमा दहा, पुढच्या वर्षी ठेवायच्या आठ. कुठल्या आठ, तर ज्यांना माणसं बघायला येतात त्या. शेवटच्या शर्यतीला प्रत्येक टीमच्या प्रेक्षकांना बसायला स्वतंत्र स्टँड. मोबाइलवर तिकीट काढताना दहा रंगांचे दहा चौकोन, ज्याला जी टीम हवी त्यानं तो रंग दाबायचा. ज्या दोन टीमांचे स्टँड सगळ्यात ओस, त्या बाहेर. जिंकलात काय नि हरलात काय.

दयानंदची झोप उडाली. "आई, बाहेर पडलो तर ही गाडी कुठं चालवणार? घरापुढे रांगोळी काढून उभी करायची?"

"स्टँड भरेल," अक्का म्हणाली. "रस्त्यावर मोजलेत मी."

आणि भरला!

देवनहळ्ळीच्या किल्ल्यापुढे दहा-बारा किलोमीटरवर तो ट्रॅक. शर्यत दुपारी दोनची. अक्का साडेबाराला पोचली, हळदीच्या रंगाचं इरकल नेसून, कमरेला भंडाऱ्याची पिशवी. पिवळ्या स्टँडच्या पायऱ्या चढून वर आली आणि तिचे डोळे दिपले. शेतात सूर्यफुलं उभी असावीत तशी माणसं. पिवळे शर्ट, पिवळ्या टोप्या, पिवळे फेटे. ऑटोवाले बायकापोरांसकट आले होते, चित्रान्नाच्या भाताचे डबे उघडून बसले होते. समोरचा निळा स्टँड बघितला तर नुसत्या खुर्च्या, कुठं कुठं चुकार माणूस. अक्काचा पदर डोळ्यांपर्यंत गेला आणि तिनं तो घाम पुसल्यासारखा कपाळावरून फिरवला. आप्पाजी, बघ रे बाबा. एका लेथवाल्याच्या घरासाठी एवढं गाव आलंय.

"गौरी," ती म्हणाली, "मोजत बसू नको. डोळे भरून बघ."

गौरी समोरच्या टोप्यांवरची हेल्मेटं बघत होती.

अक्कानं पिशवीत हात घातला, मूठभर भंडारा वर उधळला आणि खणखणीत आवाजात आरोळी दिली, "येळकोट येळकोट!"

'जय मल्हार' म्हणायला वर्कशॉपची आठ माणसं उठली, बनशंकरीतल्या शेजारणी उठल्या तीन. बाकीचा स्टँड मान वळवून बघायला लागला, की ही म्हातारी कोण आणि काय उधळते आहे. एका बाईनं चित्रान्नावर हात धरला.

अक्काच्या शेजारी पन्नाशीचा एक कॅबवाला बसला होता. त्याच्या टोपीवर तेच हेल्मेट. तिनं विचारलं, "कुठनं आलात, अण्णा?"

"यलहंक. आणि तुम्ही, अक्का?"

"बनशंकरी. कुणासाठी आलात?"

त्याला प्रश्नच वेडगळ वाटला. "म्हणजे? रोशनण्णासाठी!"

"रोशन तर निळ्या गाडीत आहे. तो स्टँड तिकडे, रिकामा."

"निळा काय, काळा काय, गाडी कुणाचीही असू दे की," तो हसला. "रोशनण्णाचा रंग पिवळा. तिकिटावर रंगच दाबायचा होता, आम्ही आमचा दाबला. सगळ्यांना मेसेज टाकला, पिवळ्यात बसा म्हणून."

"आणि ही पिवळी गाडी? मल्हार?"

"ती कुणाची काय माहीत. रोशनण्णाचा रंग चोरलाय त्यांनी."

अक्कानं मान वळवून ट्रॅककडे बघितलं.

शर्यत सुरू झाली. सोनम तिसऱ्या जागेवरून निघाली. चौथ्या फेरीत दुसरी झाली, नवव्या फेरीत लांब सरळ रस्ता संपतो तिथल्या वळणावर पहिल्याच्या आत घुसली आणि पुढे गेली. अक्काच्या कानाला गाडीचा आवाज लागला, इतका स्वच्छ की जणू सतार लावून ठेवली होती दयानंदनं. तिला वाटलं उठावं. पण आजूबाजूला कुणी उठलं नाही. पिवळी गाडी समोरून गेली तशी माणसं पाणी पीत होती, पोरांची नाकं पुसत होती. मागून, पाचव्या नंबरावर, निळी गाडी आली, तिच्यात ते हळदीचं हेल्मेट चमकलं, आणि स्टँड असा उठला की पायाखालचे पत्रे थरथरले. "रोशनण्णा! रोशनण्णा!" पोरं बापांच्या खांद्यावर चढली. अक्का एकटी खाली बसून राहिली. तिच्या पुढे नुसत्या पिवळ्या पाठी.

सोनम जिंकली. रोशन तिसरा आला. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं निशाण पिवळ्या गाडीसाठी हललं तेव्हा अकरा माणसांनी टाळ्या वाजवल्या. रोशन पोचला तेव्हा सगळा स्टँड पायऱ्या उतरून जाळीकडे धावला. बक्षीस देताना मधल्या पायरीवर उभी असलेली पोरगी चषक वर धरून इकडेतिकडे बघत होती, आणि खालची सगळी तोंडं तिच्या डाव्या बाजूला वळलेली होती.

संध्याकाळी पाचला टीमांना मंडपात बोलावलं. लीगचे हयवदन म्हणून गृहस्थ, कपाळावर उभी रेघ, बोलणं मोजकं. त्यांनी यादी वाचली. पिवळा स्टँड, मल्हार, सगळ्यात भरलेला. निळा स्टँड, शिखर, सगळ्यात ओस. मल्हार राहिली. शिखर आणि आणखी एक टीम बाहेर.

दयानंदनं डोळे मिटले. तेलानं काळा झालेला त्याचा हात आईच्या खांद्यावर आला. तिनं तो झटकला नाही, धरलाही नाही.

"हा अन्याय आहे!" उमाकांतशेठ उठले. "ती सगळी माणसं रोशनची. कुणालाही विचारा! मी लेखी तक्रार दिली आहे."

"दिली आहे," हयवदन म्हणाले. "पण विकत घेतलेली जागा ती जागा. नियमात एकच वाट आहे. त्या टीमच्या मालकानं स्वतः लिहून दिलं, की ही माणसं आमची नव्हेत, तरच त्या जागा दुसऱ्या टीमकडे मोजल्या जातात." ते अक्काकडे वळले. "अक्का, तुम्ही काय म्हणता? तुमचा शब्द मी घेतो. तुम्ही हो म्हणा, मी वही मिटतो."

"आई," दयानंद कानाशी म्हणाला, "नुसतं हो म्हण. एक अक्षर. बाकी काही बोलू नको."

तेवढ्यात रोशन पुढे आला. काखेत हेल्मेट. बाहेर जाळीपाशी अजून त्याच्या नावाचा गलका चालू होता. तो खाली बसला, अक्काच्या पायाशी, जेवायला बसायचा तसा.

"अक्का, शेठ वर्षभर मागे लागले होते, हेल्मेट निळं कर म्हणून. मी केलं असतं तर आज माणसं निळ्यात बसली असती. मी नाही म्हटलं. तुमचा भंडारा आहे यावर." त्यानं हेल्मेट तिच्या मांडीवर ठेवलं. "टीम गेली तर मी परत कॅबवर. मी भांडत नाही. तुम्ही बेलभंडारा उचला आणि सांगा, माणसं मल्हारसाठी आली होती. मी जातो."

"ए, शपथ कसली घालतोस तिला?" दयानंद ओरडला. "सहा वर्षं माझ्या गाडीत बसलास तू! जिंकलास ते काय हेल्मेटच्या जोरावर?"

"नाही, दयाण्णा. तुमच्या गाडीच्या जोरावर."

"मग हे बाहेर जाऊन सांग! त्या जाळीपाशी जाऊन सांग!"

रोशन जागचा उठला नाही.

अक्काचा हात कमरेच्या पिशवीवर होता. भंडारा बोटांना लागत होता. तिला देवाचं भय वाटलं म्हणावं, तर तसंही नाही. घरासाठी एक खोटं बोललं तर खंडोबा काय करणार, तोही संसारी देव आहे, समजून घेईल. पण पुढचं वर्ष तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पुन्हा तोच स्टँड, पुन्हा त्या पिवळ्या पाठी, आणि मध्ये आपण बसलोय, दुसऱ्याच्या लग्नातल्या पंगतीत ताट मांडून. वाढणारा विचारत नाही, पण आपल्याला माहीत आहे की बोलावणं आपल्याला नव्हतं. आणि वाढतोय कोण, तर रोशन. हे मात्र तिच्या घशाखाली उतरेना.

"अकरा," ती म्हणाली.

"काय?" हयवदन म्हणाले.

"अकरा माणसं आमची. आठ वर्कशॉपची, तीन शेजारची. बाकीची ह्याची." तिनं रोशनच्या डोक्याकडे बोट केलं. "आणा तो कागद."

दयानंदचा हात तिच्या खांद्यावरून निघाला. तिला ते कळलं. हयवदननी कागद लिहून पुढे केला आणि तिनं सही केली. म वर थांबली, हा वर थांबली, नं ला दम घेतला, दा संपवला. मल्हार बाहेर, शिखर आत. हेल्मेट रोशनच्या हातात दिलं. तो सवयीनं वाकला, कपाळ पुढे करून.

"जा," ती म्हणाली. "लोक थांबलेत तुझे."

तिनं पिशवीत हात घातला नाही. तो तसाच उठून गेला.

ती गाड्यांच्या शेडमध्ये आली तेव्हा दयानंद गाडीचं झाकण उघडून उभा होता. सोनम कोपऱ्यातल्या टायरवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती, चषक शेजारी जमिनीवर. अक्काला बघून ती म्हणाली, "आजी, आपण जिंकलो ना?" उत्तर न ऐकताच तिनं बॅग उचलली. सोमवारी तिला ऑफिस होतं.

"दया," अक्का म्हणाली.

तो वळला नाही. "तुझा मान राहिला की, आई. बरं झालं."

"खोटं बोलायला हवं होतं मी?"

"मी तसं म्हटलं नाही. बरं झालं म्हटलं." तो कापडानं इंजिन पुसत राहिला, मन लावून, न्हाणीतल्या लेकराला पुसावं तसा. "आत्ता उमाकांतशेठ येऊन गेले. गाडी मागतायत."

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? रोशनसाठी."

बाहेर कुठंतरी फटाके लागले. अक्का खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "दे. उभी ठेवून काय करायचं. झाकणावर तुझं नाव लिही आणि दे."

"ते लिहिणार आहेत," दयानंद म्हणाला. "गाडीबरोबर मलाही मागितलंय. गाडी नुसती नेऊन काय करतील, जुळवायला माणूस लागतो. कुशीला लिहिणार म्हणाले, ड्रायव्हरच्या नावाखाली. विचारत होते, मराठीत लिहू का कन्नडात."

"आणि तू काय सांगितलंस?"

"उद्या कळवतो म्हटलं. तुला विचारून."

गौरी दाराशी येऊन उभी राहिली होती. ती आजीकडे बघत होती, की आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण अक्कानं पिवळ्या गाडीवरून हात फिरवला, नाकापासून कुशीपर्यंत, 'मल्हार'च्या अक्षरांवरून. हे सगळं आता निळं होणार. मग ती उठली आणि कमरेची पिशवी सोडली. तळाशी चिमूटभर उरला होता. दयानंदनं ते बघितलं आणि लहानपणापासून वाकायचा तसा वाकला. केस कानांवर पांढरे झाले होते त्याचे. तिनं ते आज जवळून बघितले.

तिनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला, आणि बोट तिथंच दाबून धरलं.

"मराठीत लिहायला सांग," ती म्हणाली. "आणि बापाचं नाव लावा म्हणावं पुढे. नुसत्या दयानंदला कोण ओळखतंय."